गाण्यात नसलेले कडवे

एकदा कृष्णाकाठच्या एका गावात एक वृद्ध शिक्षक राहत असत. नाव नरहरपंत, पण सारे गाव त्यांना आबा म्हणे. शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर एकच ध्यास घेतला. लोकप्रिय जुन्या गाण्यांची अगदी पहिली ध्वनिमुद्रणे ज्यांत आहेत, अशा संकलनांच्या सीडी ते गोळा करू लागले.

ऐकणाऱ्याला हा छंद साधा वाटेल. बाजारात जुन्या गाण्यांच्या सीडींना काय तोटा? पण खरी मेख पुढेच आहे. पूर्वी गाणे लहान तबकडीवर निघे. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. तेवढ्यात गाणे संपवावे लागे, आणि तेच गाणे रेडिओवरून घराघरांत पोचे. गाणे गाजले की काही वर्षांनी कंपनी त्याच गायिकेकडून ते पुन्हा गाऊन घेई. या वेळी वाद्यवृंद मोठा असे, पण आवाजावर वय चढलेले असे. पुढे कॅसेट आणि सीडी निघाल्या त्या बहुतेक या दुसऱ्या गायनाच्या. वेष्टनावर नाव तेच, चित्र तेच. आतले गाणे मात्र वेगळे. एखाद्याच लहान कंपनीने कुणाच्या तरी घरी जपलेली पहिली तबकडी मिळवून संकलनात घेतलेली असे, आणि अशा सीडी हजार-पाचशेच निघून संपून जात. आबा शोधत असत त्या या. बंद पडणारी दुकाने, एसटी स्टँडजवळच्या टपऱ्या, पुस्तक प्रदर्शनातले शेवटचे टेबल, असे कुठे कुठे ते हिंडत.

या बाबतीत ते फार कठोर होते. एका जुन्या विद्यार्थ्याने मोठ्या प्रेमाने त्यांना एक सीडी आणून दिली होती. आबांनी ती ऐकली आणि सौम्यपणे परत केली. "गाणं पहिलंच आहे रे," ते म्हणाले, "पण शेवटी कुणीतरी व्हायोलिनचा तुकडा नंतर जोडलाय. राहू दे तुझ्याकडेच."

त्यांच्याकडे हेमांगी नावाची एक तरुणी दर रविवारी शिकायला येई. बँकेत नोकरी करणारी ही मुलगी आबांच्या तालमीत इतकी तयार झाली होती, की पहिल्या चार सुरांवरून हे मूळ मुद्रण की नंतरचे, हे ती सांगू शके. तिच्या या जाणकारीचा आबांना अभिमान होता. तिला स्वतःलाही तो होता, आणि आबांच्यापेक्षा थोडा जास्तच होता.

एका रविवारी सकाळी आबा दवाखान्यात गेले होते. हेमांगी एकटीच कपाटातल्या सीडी पुसत बसली होती. तेवढ्यात दारात एक गृहस्थ आले. पांढरा सदरा, टोपी, साठीकडे झुकलेले वय. बाजारपेठेतले भांड्यांचे व्यापारी दिगंबरशेठ वडके. त्यांनी संकोचत विचारले, "आबांकडे ‘पैलाडची नाव’ मिळेल का? पहिलं, जुनं गाणं. दुकानातल्या सीडीत भलतंच निघतं."

‘पैलाडची नाव’ हे एका स्त्रीचे भावगीत. ती नदीच्या या काठावर उभी राहून पलीकडून येणाऱ्या नावेची वाट पाहते. हेमांगीने लगेच सीडी काढली आणि लावली. बासरीचा पहिला सूर निघताच शेटजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. त्यांचा चेहरा उजळत गेला. पहिले कडवे झाले, दुसरे झाले, बासरी थांबली. शेटजी तसेच बसून राहिले.

"पुढचं?" त्यांनी डोळे न उघडता विचारले.

"संपलं काका."

"संपलं कसं? तिसरं कडवं राहिलं ना."

"तिसरं कडवं नाहीच या गाण्याला."

शेटजींनी डोळे उघडले. "नाही कसं? लहानपणापासून ऐकलंय मी. आई म्हणायची."

हेमांगीने त्यांना नीट समजावून सांगितले. तबकडीवर तेवढी जागाच नव्हती. नंतरच्या गायनातही दोनच कडवी आहेत. कवीच्या छापील संग्रहातही दोनच. "तुम्हाला दुसऱ्याच गाण्यातलं आठवत असेल," ती म्हणाली. "असं पुष्कळांचं होतं. लहानपणीच्या आठवणींची सरमिसळ होते."

"अक्कासुद्धा हेच म्हणते," शेटजी हळू आवाजात म्हणाले. "माझी थोरली बहीण. म्हणते, आईनं कधी दोन कडव्यांपुढं गायलंच नाही, तू मनानं रचतोस. आमचा वादच झाला त्यावरून. आई जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला सगळे जमतील, तेव्हा पूर्ण गाणं लावावं, म्हणजे अक्कालाही पटेल, असं वाटलं होतं."

त्यांनी टोपी घातली, हात जोडले आणि निघाले. समोर ठेवलेला चहा तसाच राहिला.

आबा परत आल्यावर हेमांगीने सारी हकीकत उत्साहाने सांगितली. एका गैरसमजाचे आपण पुराव्यानिशी निराकरण केले, याचे समाधान तिच्या बोलण्यात होते. आबांनी शांतपणे ऐकून घेतले.

"कडवं म्हणून दाखवलं का त्यांनी?"

"नाही. मी विचारलंच नाही. जे नाहीच, ते काय विचारायचं?"

आबांनी टेबलाच्या खणातून आवाज टिपायचे लहान यंत्र काढले, काठी घेतली आणि म्हणाले, "चल."

दुकान रविवारीही उघडे होते. बाहेर स्टीलची पातेली, आत मांडणीवर थोडी तांब्या-पितळेची भांडी. आबांना पाहून शेटजी लगबगीने उठले, त्यांनी गादीवर बसवले.

"शेटजी," आबा म्हणाले, "तुमचं ते तिसरं कडवं मला हवंय. माझ्या संग्रहासाठी. म्हणून दाखवाल?"

हेमांगी चकित होऊन पाहतच राहिली. व्हायोलिनचा एवढासा तुकडा सहन न होणारे आबा, जगात कुठेही नसलेले कडवे मागायला चालत आले होते! शेटजीही गोंधळले.

"ह्या बाई म्हणाल्या, ते गाण्यात नाहीच म्हणून."

"बरोबर सांगितलंय तिनं. गाण्यात ते नाही. पण तुमच्यापाशी आहे ना?"

"मला गाता येत नाही हो आबा."

"आईला यायचं का?"

"तिला तरी कुठं!" शेटजी हसले. त्या हसण्याने त्यांचा संकोच सैल झाला. त्यांनी गल्ल्यावरच्या माणसाला बाहेर बसायला सांगितले, घसा खाकरला आणि आवाज जपत, मान खाली घालून म्हणू लागले:

"ठोके थांबले, हातोडा निजला,
राख पांघरून विस्तव विझला.
नाव काठाला लागली, राजा,
मिट ना डोळे, दमला जीव माझा."

चाल तीच होती, फक्त जरा संथ. शेटजी थांबले. मग आबांनी विचारले, "लहानपणी तुम्ही राहायला कुठं होता?"

"तांबट गल्लीत. खाली वडिलांचा कारखाना, वर आम्ही. दिवसभर ठोक्यांचा आवाज. वडील काम थांबवायचे, भट्टीतल्या विस्तवावर राख ओढायचे, तेव्हा कुठं घर शांत..."

वाक्य अर्धेच राहिले. शेटजींचा हात हवेत होता तसाच राहिला. ज्या गाण्यात एक स्त्री नदीकाठी उभी राहून नावेची वाट पाहते, त्या गाण्यात हातोडा कुठून येईल? भट्टीतली राख कशी येईल? इतकी वर्षे हे शब्द त्यांच्या ओठांवर होते. पण ते शब्द ज्या घरात घडले त्याच घरात शेटजी वाढले असल्याने, त्यांत काही वेगळे आहे हे त्यांना कधी जाणवलेच नव्हते.

"हे आईनं केलंय," शेटजी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आबा, हे आईनंच केलंय. तिला तर लिहितासुद्धा धड येत नव्हतं."

"अक्कांना ते का माहीत नसावं?" आबांनी विचारले.

"अक्का गुणी. पडली की झोपायची. मी मात्र जाम झोपायचो नाही. आई थापटून थापटून कंटाळायची, तरी माझे डोळे टक्क उघडे." शेटजींनी टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले. पण ते हसत होते.

त्या दुपारी हेमांगीने आबांच्या सांगण्यावरून दोन सीडी तयार केल्या. आधी मूळ गाणे, जसेच्या तसे. मग थोडी शांतता. मग दुकानात टिपलेले शेटजींचे गाणे, मागे रस्त्यावरच्या रिक्षेच्या हॉर्नसकट. वेष्टनावर काय लिहायचे, तेही आबांनीच सांगितले: ‘पैलाडची नाव, मूळ ध्वनिमुद्रण. त्यानंतर वेणूबाई वडके यांनी रचलेले कडवे. गायन, त्यांचा मुलगा.’ एक सीडी शेटजींसाठी. दुसरी आबांनी आपल्या कपाटात, जिथे केवळ मूळ मुद्रणांनाच जागा मिळे त्या फळीवर ठेवली.

आता हेमांगीला राहवेना. "आबा, एक विचारू? शेटजींना बरं वाटावं म्हणून तुम्ही हे केलंत, ते मला समजतं. पण ही सीडी या फळीवर कशी? हे मूळ नाही. ही तर नंतर घातलेली भर."

आबा खुर्चीत टेकून बसले आणि म्हणाले, "मी पहिली मुद्रणं का शोधतो, ते तुला कधी सांगितलं नाही वाटतं. ती जुनी असतात म्हणून नव्हे, दुर्मीळ असतात म्हणूनही नव्हे. पहिल्यांदा गाताना त्या गायिकेला ठाऊक नसतं, की हे गाणं गाजणार आहे. ती कुणाला दाखवायला गात नाही. गाणं समोर आलंय म्हणून जीव ओतून गाते. दुसऱ्यांदा गाते, तेव्हा तिला टाळ्या आधीच ऐकू येत असतात. मला तो फरक ऐकू येतो, म्हणून मी पहिलं शोधतो. आता वेणूबाईंचं कडवं बघ. कंपनीनं गाणं तीन मिनिटांत संपवलं. पण मूल काही तीन मिनिटांत झोपत नाही. गाणं संपलं, पोराचे डोळे उघडे, आणि बाई दमलेली. तेव्हा हाताशी जे होतं, खालचे ठोके, भट्टीची राख, ते घेऊन तिनं गाणं पुढं नेलं. तिला कुठं कुणाला ऐकवायचं होतं? याहून मूळ मुद्रण माझ्या कपाटात दुसरं नाही."

हेमांगी फळीवरच्या त्या सीडीकडे पाहू लागली.

"आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्यात आपण," आबा पुढे म्हणाले. "मध्ये शांतता आहे, वेष्टनावर नाव आहे. कवीच्या गाण्यात आपण ढवळाढवळ केली नाही. तू शेटजींना सांगितलंस त्यातही चूक काही नव्हती. संग्राहकाला ‘नाही’ म्हणता आलंच पाहिजे. फक्त ‘नाही’ म्हटल्यावर तू थांबलीस. खरं काम तिथून पुढं होतं. गाण्यात नाही, तर मग या माणसाजवळ हे आलं कुठून?"

वर्षश्राद्धाच्या दिवशी शेटजींनी दोघांनाही आग्रहाने जेवायला बोलावले. पंगती उठल्यावर माजघरात सारे जमले. सीडी लावली गेली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. धिप्पाड, करारी बाई. दोन कडवी होईपर्यंत त्या भावाकडे ‘सांगत नव्हते का’ अशा नजरेने पाहत होत्या. मग शांतता आली, आणि शेटजींचा आवाज सुरू झाला. ‘हातोडा निजला’ या शब्दांना अक्कांची मान एकदम वर झाली. कडवे संपेपर्यंत त्यांनी पदर तोंडाशी धरून ठेवला.

संपल्यावर त्या आधी रागावल्या. "म्हणजे मी शहाण्यासारखी झोपत होते, आणि हा मेला जागा राहून जास्तीचं गाणं ऐकत होता!"

सारे घर हसले. अक्काही हसल्या, आणि हसता हसताच रडल्या. मग भावाच्या जवळ सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "दिगू, यंत्र राहू दे ते. तू म्हण. मला शिकव."

धाकटा भाऊ सांगू लागला, थोरली बहीण मागून म्हणू लागली. तिचा सूर लागत नव्हता, दुसऱ्या ओळीला शब्द अडत होते. शेटजी न कंटाळता पुन्हा सांगत होते. आबा सुपारी चघळत तृप्तपणे ऐकत बसले. हेमांगीही ऐकत होती, आणि त्या दुपारी तिने एकही सूर कशाशी ताडून पाहिला नाही.

एखाद्याला आठवणारी गोष्ट आपल्याला कुठेच सापडत नसेल, तर आधी त्याला ती म्हणून दाखवायला सांगावी.