ठकूबाईची झाकलेली परसबाग

पुष्कळ वर्षं लोटली या गोष्टीला. इतकी, की ज्या गावात ती घडली त्या गावाचं नाव सांगणारंही आता कोणी उरलं नाही. थोरांनी ऐकावी, लेकरांनीही ऐकावी. गोष्ट एका साध्या बाईची आहे आणि तिच्या भीतीची आहे.

गाव माळावर होतं. पन्नास-साठ उंबरे आणि साऱ्यांना मिळून एक विहीर. विहिरीपासून सगळ्यात लांब, गावाच्या अगदी टोकाला ठकूबाईचं घर होतं. तिचा नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक मैना, ती दूरच्या गावी दिलेली. ठकूबाईला सोबत होती ती घरामागच्या परसाची. तिथे वांगी होती, मिरच्या होत्या, शेपूचा वाफा होता आणि मांडवावर दोडका नि दुधी चढलेले होते.

उन्हाळ्यात इतरांची परसं करपून जायची, पण ठकूबाईचं परस कसंबसं तगून राहायचं. त्यासाठी ती फार राबायची. पानांखाली मावा धरला की चुलीतली राख चाळून वर भुरभुरायची. कोवळे दोडके खार कुरतडून जायची, तेव्हा तिला दोन शिव्या घालून उरलेले दोडके फडक्यात बांधून ठेवायची. आणि पाण्याचा एक थेंब वाया जाऊ द्यायची नाही. झाडांच्या मधे तिने जुनी मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. त्यांच्या बुडाला बारीक भोकं पाडलेली. तांदळाचं धुवण, भांडी घासलेलं पाणी, न्हाणीतलं सांडपाणी, सगळं ती त्या मडक्यांत ओतायची. ते हळूहळू झिरपून मुळांशी जायचं. विहिरीवरून भरून आणलेली घागर तिने कधी झाडाला घातली नव्हती. एवढ्या लांबून डोक्यावर वाहिलेलं पाणी मातीत ओतायचं तिच्या जिवावर यायचं.

शेजारची साळू म्हणायची, “वहिनी, तुमच्या हाताला गुण आहे.” ठकूबाई नुसती हसायची आणि चार वांगी तिच्या ओच्यात टाकायची.

एका वर्षी पाऊस फार थोडा झाला. चैत्र उजाडला तेव्हा विहिरीत पोहरा सोडला की तो दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. गावाचे पाटील विचारी होते, पण कडक होते. त्यांनी दवंडी पिटवली. विहिरीचं पाणी आता फक्त माणसांना आणि गुरांना. झाडाला, वेलाला ओंजळभरही घालायचं नाही. जो घालील त्याचा दोर काढून घेतला जाईल, तो पाऊस पडल्यावरच परत मिळेल.

त्या गावात ज्याच्या त्याच्या घरचा दोर वेगळा होता. दोर गेला म्हणजे पाणी गेलं. अशा उन्हाळ्यात पाणी गेलं म्हणजे काय, ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच आठवड्यात मैना बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला आठवा महिना होता.

दवंडी ऐकून ठकूबाई परसात गेली आणि मडक्यांकडे बघत उभी राहिली. हातात भांडी घासलेलं पाणी होतं. हे विहिरीचं पाणी आहे का? आहे तर खरं, विहिरीतूनच आलं होतं. पण ते एकदा वापरून झालं होतं. आता ते कोणी पिणार नव्हतं, गाईलाही चाललं नसतं. मग ते झाडाला घालणं गुन्हा की नाही? तिचं मन एकदा हो म्हणे, एकदा नाही म्हणे.

मैनाने तिची घालमेल ओळखली. ती म्हणाली, “आई, पाटलांना जाऊन विचार ना.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

“नाही म्हणाले तर नाही.”

“मग हे सगळं डोळ्यांदेखत वाळताना बघू? न विचारलेलं बरं,” ठकूबाई म्हणाली. आणि तिने मडक्यात पाणी ओतलं.

इथूनच भीती तिच्या घरात राहायला आली.

आधी तिने कुंपणावर काट्यांच्या फांद्या रचल्या. मग वाटलं, फटींतून हिरवं दिसेल, म्हणून आतून गोणपाटं बांधली. उजाडताना, रस्त्यावर कोणी नसताना ती वाकून वाकून पाणी घालायची. वाटेवर पाऊल वाजलं की हातातलं भांडं तसंच धरून श्वास रोखून बसायची. पाऊल पुढे गेलं तरी बराच वेळ तिला उठवायचं नाही.

चैत्र निम्मा होता होता दुधीला पहिलं फळ धरलं. दर वर्षी पहिलं फळ दिसलं की ती साळूला हाक मारून दाखवायची. या वर्षी तिने ते पानांनी झाकलं. आठ दिवसांनी कापलं, तेव्हा सालं चुलीत जाळली, कोणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. दारं लावून भाजी केली. फोडणीचा वास बाहेर जाईल या धास्तीने फोडणीच दिली नाही. मैनाने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सारलं. म्हणाली, “आई, चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.” ठकूबाईनेही आपलं ताट झाकून ठेवलं.

एके दिवशी साळू दारात आली. तिची पोरं महिनाभर मिठाशी भाकर खात होती. तिने चार हिरव्या मिरच्या मागितल्या. ठकूबाई दारातच आडवी उभी राहिली आणि म्हणाली की यंदा तिच्याही परसात काही उरलं नाही. साळू बरं म्हणून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर ठकूबाई उंबऱ्यावर बसली. गावात तिचं साळूइतकं जवळचं कोणी नव्हतं, आणि आता तिला साळूचीच सगळ्यांत जास्त भीती वाटू लागली.

वैशाख आला. ऊन असं तापलं की माळावरचे दगड हाताला चटके देऊ लागले. मैनाला नववा लागला होता. तिच्या पोटाकडे पाहिलं की ठकूबाईला दोर आठवायचा. कितीदा तिच्या मनात आलं की जावं आणि सांगून टाकावं. पण आता आणखी एक भीती वाढली होती. पाटील म्हणतील, महिनाभर का गप्प बसलीस? जितके दिवस जात होते, तितकं सांगणं अवघड होत होतं.

शेवटी वेलानेच सांगितलं. दोडक्याचा एक शेंडा गोणपाटावरून, काट्यांवरून बाहेर गेला आणि त्याला पिवळी फुलं आली. सगळं गाव मातीच्या रंगाचं झालेलं, त्यात ती पिवळी फुलं लांबून दिसत होती. सकाळी विहिरीवर निघालेल्या बाया थबकल्या. त्याच दिवशी विहिरीचं पाणी आणखी हातभर खाली गेलेलं दिसलं. ते उन्हाने गेलं होतं, पण घाबरलेल्या गावाला कारण हवं होतं, आणि कारण कुंपणावर फुललं होतं.

दुपारी पाटील आले. त्यांच्यामागे वीस-पंचवीस माणसं होती, साळूही होती. पाटलांनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारलं, “ठकूबाई, परसात काय आहे?”

खरं सांगायची वेळ तीच होती. पण तिच्या तोंडून शब्द निघाले ते भीतीचे.

“काही नाही. सगळं वाळून गेलं.”

कोणीतरी गोणपाट ओढलं. आत वांगी जांभळी लकाकत होती, मिरच्या लगडल्या होत्या, मांडवाला दुधी लोंबत होते. मग साळू एवढंच म्हणाली, “वहिनी, मी चारच मिरच्या मागितल्या होत्या.”

तेव्हा ठकूबाईने सगळं सांगितलं. मडकी दाखवली, खरकट्या पाण्याचं सांगितलं, देवाची शपथ घेतली. पाटलांनी ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, “आत्ता म्हणालीस काही नाही. आता म्हणतेस खरकटं पाणी. यातलं कोणतं खरं धरू?”

पाटलांनी तिचा दोर मागून घेतला. ते पाठ वळवून निघाले आणि मागे माणसांचा राग अनावर झाला. तहानलेल्या माणसांचा राग तो. त्यांनी मांडव ओढून पाडला, वेल, वांगी, मिरच्या मुळासकट उपटल्या, शेपूचा वाफा आणि फळं तुडवली. साळूने कशाला हात लावला नाही, पण कोणाला अडवलंही नाही.

मैना दाराची चौकट धरून हे बघत होती. माणसं गेली आणि तिला कळा सुरू झाल्या.

ठकूबाईने सुईणीला बोलावून आणलं. सुईण म्हातारी आणि जाणती होती. तिने मैनाच्या पोटावरून हात फिरवला आणि पाणी किती आहे ते विचारलं. घरात अर्धी घागर होती. सुईण म्हणाली, एवढ्यावर भागणार नाही. मैना ओठ चावून कळ सोसत होती, आणि प्रत्येक कळेगणिक आईकडे बघत होती.

ठकूबाई उठली. ज्या दाराच्या भीतीने तिने दीड महिना काढला, त्या दाराकडे ती भर उन्हात अनवाणी धावत गेली. पाटलांच्या ओसरीवर जाऊन तिने हात जोडले.

“मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण लेक अडली आहे. दोन घागरी पाणी द्या.”

पाटील ताडकन उठले. त्यांनी स्वतःच्या घरचा दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “बाळंतिणीचं पाणी कधी कोणी अडवतं का, बाई? हेसुद्धा तुला विचारावंसं वाटलं नाही?”

ती विहिरीवर पोहोचली तेव्हा साळू तिथे होती. साळूने काही न विचारता तिच्या हातून दोर घेतला आणि भराभर पोहरे ओढले. दोघींनी चार घागरी घरी नेल्या. दिवस मावळायच्या आत मैना सुटली. मुलगी झाली. ती रडली, तेव्हा ठकूबाई भिंतीला टेकून बसली आणि तिलाही रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील परत आले. त्यांना झोप लागली नव्हती. परसात जाऊन त्यांनी स्वतः माती उकरली आणि एक मडकं बाहेर काढलं. तळाशी राखाडी पाणी होतं. त्यावर तेलाचा तवंग होता आणि त्यात भाताची शितं होती. पाटलांनी वास घेतला आणि मडकं खाली ठेवलं. मग एकामागून एक त्यांनी सगळी मडकी पाहिली. सगळ्यांत तेच होतं.

ते तिथेच मातीत बसले. म्हणाले, “हे पाणी मी कशाला नको म्हटलं असतं, ठकूबाई? दवंडीच्या दिवशी आली असतीस, तर अशी मडकी मी घरोघरी पुरून घेतली असती.” ते पुढे म्हणाले, “चूक माझीही झाली. काल हीच माती उकरायला मला घटकाभर लागली असती.”

त्यांनी दोर परत दिला आणि गावासमोर तिच्यावरचा आळ दूर केला. ज्यांनी वेल उपटले होते ते खाली मान घालून आले. त्यांनी मांडव पुन्हा उभा केला, वेल परत मातीत लावून दिले. पण उपटलेल्या मुळांना वैशाखाचं ऊन लागलेलं होतं. दुपारपर्यंत पानं मिटली आणि संध्याकाळपर्यंत काळी पडली. गावातली बाकीची परसं तर कधीच वाळून गेली होती. आता मडकी पुरायला घरं होती, धुवण होतं, पण पाणी द्यायला झाड कुठेच नव्हतं.

पाऊस येईपर्यंत साऱ्या गावाने मिठाशी भाकर खाल्ली. बाळंतिणीला शेपूची भाजी लागते, ती मैनाला मिळाली नाही. तिला दूध कमी आलं, आणि ती तान्ही पोर उपाशीपोटी किरकिरत राहायची. ठकूबाई तिला खांद्यावर घेऊन रिकाम्या मांडवाखाली फेऱ्या घालायची. साळू रोज येऊन एक घागर ठेवून जायची. ठकूबाई तिला बस म्हणायची, पण साळू बसायची नाही. ती पुन्हा ठकूबाईच्या ओट्यावर बसायला पुरतं एक वर्ष जावं लागलं.

म्हणून जाणते सांगत आले आहेत: खरेपणाही भीतीने झाकून ठेवला की चोरीसारखा दिसतो, शंका आली तर लपू नये, वेळेवर जाऊन विचारावं.