मागची सीट

“म्हणजे इंजिनात दोष नाही, आणि तरी ते बंद पडतं. असंच ना?”

महाराजांनी विचारलं, तेव्हा सर्जेराव भिलारे गाडीची किल्ली हातात घेऊन त्यांच्यासमोर उभा होता. ती परत करायला आला होता.

“दोष असता तर मला घावला असता,” सर्जेराव म्हणाला.

हे मात्र त्यानं मान ताठ ठेवूनच सांगितलं. सगळी नोकरी फौजेच्या वर्कशॉपमध्ये झालेली. पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्याकडचं घर भावाच्या हवाली केलं आणि बायकोला घेऊन तो हिमालयातल्या या आश्रमात आला. महाराज मूळचे परभणीकडचे. चार शब्द मराठीत बोलायला मिळतात, एवढ्यासाठीसुद्धा माणूस इतक्या थंडीत राहतो.

आश्रमात बर्फावर चालणारी एक गाडी होती. पुढे चाकांऐवजी बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागे फिरणारा रबरी पट्टा, वर दोघांपुरती सीट. हिवाळ्यात रस्ता बुजला की आजारी माणूस खाली दवाखान्यात न्यायला तेवढंच साधन. गाडी आश्रमाची खरी, पण तिच्या पान्याला दुसऱ्या कुणी हात लावला तर सर्जेराव दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

“काय काय पाहिलंस?”

“प्लग बदलला. फिल्टर बदललं. टाकी उतरवली, थेंबभर पाणी न्हाई तिच्यात. झाकणाचं हवेचं भोक तारेनं साफ केलं. कार्बोरेटर किती येळा धुतला त्याची गणती न्हाई. हितं दारात उभी असली की तास तास चालतीया. घेऊन निघालं की वाटंतच बंद.”

“मग पुन्हा सुरू होते?”

“लगेच! जसं काय झालंच न्हाई.”

“बंद पडली की तू काय करतोस?”

“आधी ह्ये टोपण काढून खिशात घालतो. मग उतरतो, बॉनेट उघडतो. फौजेची सवय हाय, महाराज.”

त्यानं मनगटावरची दोरी दाखवली. तिच्या टोकाला लाल टोपण होतं. टोपण गाडीवर बसवलं तरच इंजिन चालतं. चालवणारा पडला की दोरी ताणते, टोपण निघतं आणि गाडी जागीच थांबते. दोरी मुळात लांब होती. लोंबणारी वस्तू सर्जेरावला खपत नसे, म्हणून त्यानं मधे नीटस गाठ मारून ती आखूड केली होती.

शेजारच्या खोलीतून खोकला ऐकू आला. वरच्या गावचा म्हातारा ठाकुरदास तिथे पडून होता. त्याला श्वास पुरत नव्हता. आजच्या आज त्याला खाली न्यायचं होतं.

“त्याला मी न्हाई नेणार,” सर्जेराव म्हणाला. “मधीच बंद पडली तर? त्या थंडीत म्हाताऱ्याला बसवून मी प्लग काढू? दुसरा माणूस बघा.”

“दुसरा कोण आहे?”

दुसरा कुणी नव्हता.

“बंद पडते कुठे?”

“कुठंबी.”

“कुठेही?”

“...वळणावर.”

कोणत्या, ते महाराजांनी विचारलं नाही. आश्रमात ते कुणीच विचारत नसे.

गेल्या हिवाळ्यात सर्जेरावच्या बायकोला, द्वारकाला, ताप भरला. शुद्ध जात-येत होती. तिला घोंगडीत गुंडाळून मागे बसवलं आणि तो निघाला. इंजिन नुकतंच त्यानं स्वतः बांधलेलं. सुरेख चाललं होतं, आणि तो त्याचा आवाज ऐकत राहिला. दवाखान्याच्या दारात गाडी थांबवून तो म्हणाला, “उतर गं.” मागे कुणी नव्हतं.

तो उलटा धावला. देवदारांच्या वळणावर ती सापडली तेव्हा घोंगडीवर बर्फ साचला होता.

त्यानंतर सर्जेराव रडल्याचं कुणी पाहिलं नाही. गाडी मात्र त्यानं पार सुटी करून पुन्हा बांधली. आणि तेव्हापासून ती बंद पडू लागली.

महाराज उठले. कानटोपी घातली, शाल गळ्याभोवती घेतली.

“चल. मला वळणापर्यंत घेऊन चल.”

“तुम्हाला? या वयात? पडला बिडला तर...”

महाराज जाऊन मागच्या सीटवर बसलेसुद्धा.

गाडी निघाली. उतारावर इंजिन छान आवाज करत होतं. देवदार दिसू लागले. वळण आलं.

इंजिन बंद पडलं.

“बघा! बघितलं?” सर्जेराव ओरडला. त्याच्या आवाजात जिंकल्यासारखं काहीतरी होतं, आणि रडू त्याच्या अगदी जवळ होतं. “काय खोट हाय हिच्यात, सांगा आता!”

तो उतरू लागला.

“उतरू नकोस,” महाराज म्हणाले. “आहेस तसाच थांब. कुठलाच हात हलवू नकोस.”

तो थांबला. बर्फावर कसलाच आवाज नव्हता.

“तुझा डावा हात कुठे आहे?”

सर्जेरावनं पाहिलं.

डावा हात हँडलच्या मुठीवर नव्हता. तो मागे आला होता आणि महाराजांचा गुडघा घट्ट धरून बसला होता. मनगटाला ती आखूड दोरी. दोरीच्या टोकाला लाल टोपण, हवेत लोंबकळत. उतरताना दर वेळी तो न बघताच खिशात घालायचा, तेच.

सर्जेराव त्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाचा हात असावा तसा.

“मी... मला ठावं न्हाई, महाराज. मी न्हाई नेला त्यो मागं. मागं कुणी नसलं तरी जात आसंल?”

महाराजांनी गुडघा तसाच त्याच्या हाताखाली राहू दिला.

सर्जेराव मेकॅनिकच्या आवाजात बोलायला गेला, पण तो आवाज त्याला नीट लागेना.

“उपाय सोपा हाय. हात मुठीला बांधून घेतो. पट्ट्यानं. म्हंजे मागं जायचाच न्हाई.”

महाराजांनी त्याचं मनगट आपल्या मांडीवर ओढून घेतलं. आपले हातमोजे काढले. दोरीची गाठ थंडीनं कडक झाली होती आणि महाराजांची बोटं म्हातारी. त्यांनी गाठीवर फुंकर घातली, नखानं टोकरली, शेवटी दात लावले. गाठ सुटली. दोरी लांब होऊन दोघांच्या मधे पडली.

टोपण त्यांनी त्याच्या हातात दिलं.

“बसव.”

त्यानं बसवलं. गाडी सुरू झाली.

“वळून पुन्हा वर घे. याच वाटेनं.”

सर्जेरावनं गाडी वळवली, वर नेली आणि पुन्हा खाली आणली. देवदार आले. वळण आलं. त्याचा डावा हात मुठीवरून सुटला, मागे गेला, चाचपडला आणि शालीचं टोक धरून थांबला. दोरी पुरली. इंजिन चालत राहिलं.

वळण मागे पडलं.

थोडं पुढे जाऊन त्यानं स्वतःच गाडी थांबवली. खाली उतरला नाही. मुठींवर डोकं टेकलं आणि मोठ्यानं रडू लागला. महाराज मागे बसून राहिले. पाठीवर हात फिरवला नाही की गप्प बस म्हणाले नाहीत.

“त्या दिशी...” कितीतरी वेळानं तो म्हणाला. “त्या दिशी एकदा जरी मागं गेला आसता ह्यो हात... एकदाच, महाराज.”

महाराजांनी शाल नीट केली. तिचं टोक उचलून पुन्हा त्याच्या डाव्या हातात दिलं.

“मी बसलोय,” ते म्हणाले. “चल वर, ठाकुरदासला घेऊ.”