हैबतीचं खिंडार

नांदवळणच्या थोरल्या मळीला नदीच्या अंगानं हा जो दगडमातीचा बांध दिसतोय, त्याच्या मधोमध दोन बैलगाड्या शेजारून जातील एवढं खिंडार आहे. पाहुणे आले की पहिला प्रश्न हाच, पुरानं फोडला का हो? पुरानं नाही. ज्यानं घातला त्यानंच फोडला. आणि दुरुस्त का करत नाही, असं गावात कुणाला विचारू नका, लोक तुमच्याकडेच संशयानं बघायला लागतील. ऐकायचं असेल तर सावलीला बसा, उभ्या उभ्या संपणारी ही गोष्ट नव्हे.

इंग्रज अजून इकडे आले नव्हते, तेव्हाची हकिकत. गावची पाटीलकी हैबतीकडे होती. माणूस कष्टाळू, दिल्या शब्दाचा, पण संशयी इतका की बायकोनं वाढलेली भाकरीसुद्धा उलटून बघितल्याशिवाय तोडायचा नाही म्हणे. थोरली मळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. नदीकाठची गाळाची जमीन ती. दर पावसाळ्यात पूर मळीवर चढायचा, चार-आठ दिवसांत उतरायचा आणि जाताना बोटभर गाळ ठेवून जायचा. त्या गाळावर शाळू असा यायचा की आत शिरलेला बैल दिसायचा नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं नदीला हात जोडले असते. हैबती काठावर उभा राहून उतरतं पाणी बघत बसायचा. पाणी गढूळच असायचं. म्हणजे गाळ चाललाय. कुठं चाललाय? खालच्या गावाच्या शेतात! नदी आपल्याला बोटभर देते आणि त्यांना ओंजळभर, हे त्याच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच.

मग एका उन्हाळ्यात त्यानं मळीच्या उतरत्या अंगाला हा बांध घातला. चढता पूर वरच्या अंगानं आत यायचा आणि उतरताना इथं अडायचा. पहिल्या वर्षी गाळ वीतभर बसला, पीक डोळ्यांत मावेना, आणि हैबती मिशीला पीळ देत गावभर हिंडला. दुसरं वर्षही बरं गेलं. तिसऱ्या वर्षी शाळू गुडघ्याएवढा झाला आणि पिवळा पडून बसला. चौथ्या वर्षी पाणी दसऱ्यापर्यंत मळीतच होतं. माती आतून काळीनिळी पडली, ढेकूळ फोडलं की कुजक्या अंड्याचा वास यायचा. आणि पाणी आटलं तसा जमिनीवर पांढरा पापुद्रा धरला, हैबतीनं जिभेवर ठेवून बघितला तर खारट. पेरलेलं बी उगवलंच नाही. आजूबाजूच्या शेतांत मात्र हिरवंगार होतं. आपलीच जमीन कशी मेली? याचं हैबतीला एकच उत्तर सुचलं, कुणीतरी मारली.

कुणी मारली, तेही त्याला चार दिवसांत दिसलं. सकाळच्या उन्हात म्हसू परीट मळीत वाकला होता. हातात टोपली आणि टोपलीत पांढरी माती! कपड्यांच्या भट्टीला परीट लोक ही खारी माती वापरायचे, हे हैबतीला ठाऊक नव्हतं असं नाही. पण म्हसू ती उचलतोय की टाकतोय, हे लांबून कसं कळावं? संशयाला तेवढं पुरलं. मागच्या साली पाटलानं भर चावडीत म्हसूला वाटेल ते बोलून घेतलं होतं, तेही आता आठवलं. झालं, धागे जुळले.

मळाईच्या देवळात गाव बसलं. हैबतीनं देवीचा भंडारा उचलला आणि सगळ्यांदेखत बोलला, "ज्यानं माझी मळी मारली, त्याच्या घरानं सात पिढ्या दर पुरामागं तिथं उभं राहून माती खावी." मग म्हसूनं बायकोपोरांसह गाव सोडावं असं ठरलं. त्याची भट्टी विझवली, घाटावरचा धुण्याचा दगड उलथून टाकला. खरं सांगायचं तर गावातल्या निम्म्या लोकांना ते पटलं नव्हतं, पण पाटलासमोर तोंड कोण उघडणार? लाज वाटावी अशीच गोष्ट ती, आणि गाव ती लपवत नाही.

म्हसू मात्र बोलला. "पाटील, मी टोपलीतनं नेतो, आणत न्हाई. पाण्यात मीठ जन्माचंच असतंय. पाणी चालतंय तवर ते आपलं मीठ घेऊन जातंय. बसलं की पाणी उन्हानं उडतं आन् मीठ खाली ऱ्हातं. खारी माती हुडकायला मी कायम पाणी बसतं तिथंच जातो. चाळीस दिवस द्या, दाखवतो. न्हाई पटलं तर मी आपसूक जातो."

देवीसमोर मागितलेली मुदत पाटलाला नाकारता येईना. म्हसूनं दोन मडकी मागितली. एकाच्या बुडाला भोकं, दुसरं अखंड. दोन्हींत एकाच चांगल्या शेतातली माती, दोन्हींत शाळूचे चार दाणे, आणि देवळात ठेवून रोज नदीचं एकेक तांब्या पाणी. हैबतीला यातही काळंबेरं दिसलं. मडकी त्यानं स्वतः कुंभाराकडून निवडून आणली. माती स्वतः खणली. म्हसूनं देवळाच्या शिवेतही यायचं नाही अशी ताकीद दिली. राखणीला दुसरा कुणी ठेवावा, तर तो फितूर व्हायचा! म्हणून हैबती स्वतःच मडक्यांशेजारी घोंगडी टाकून बसला. पाणी तोच आणायचा, वास घेऊन बघायचा, आणि मगच ओतायचा. लोक पहिले दोन-चार दिवस बघायला आले. पण जो येईल त्याच्या हाताकडे पाटील असा काही बघायचा की पुढं कुणी तिकडं फिरकलंच नाही.

विसाव्या दिवशी भोकांच्या मडक्यात रोप वीतभर हिरवं होतं. अखंड मडक्यात चिखल झाला होता आणि रोप पिवळं पडलं होतं. हैबतीनं त्या मडक्यावर पाणी जरा हात आखडून ओतलं, असंही सांगतात. पण पाणी कमी पडलं तसा मातीवर पांढरा पापुद्रा धरायला लागला. चाळिसाव्या दिवशी सकाळी रोप वाळून आडवं पडलं होतं. त्यानं तो पापुद्रा बोटानं उचलला आणि जिभेवर ठेवला. मळीतली तीच चव.

आता बघा, देवळात चिटपाखरू नव्हतं. मडकं उपडं करून त्यात दुसरी माती भरायला किती वेळ लागतो? म्हसू संध्याकाळपर्यंत गावाबाहेर गेला असता आणि पाटलाचा शब्द राहिला असता. हैबतीच्या मनात ते आलं. त्यानं मडक्याला हातही घातला म्हणे. पण चाळीस दिवस त्यानं प्रत्येकावर संशय घेतला होता, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची राहिली असा एकच माणूस आता देवळात उरला होता.

तो मडकं उचलून देवळाच्या शिवेवर आला. म्हसू बाहेर बांधाबांध करून उभा होता, बायको-पोरं गाढवाशेजारी बसली होती, आणि चाळिसावा दिवस म्हणून गावही बाहेर जमलं होतं. हैबती सगळ्या गावासमोर म्हणाला, "म्हसू, मळी मीच मारली. तू जाऊ नको." आणि मडक्यातली चिमूटभर माती त्यानं तोंडात टाकली. मग कुदळ घेऊन तो थेट इथं आला. पहिला घाव त्याचा आणि दुसरा म्हसूचा, असं परटाच्या घरात सांगतात. पाटलाच्या घरात मात्र सगळे घाव हैबतीचेच होते असं सांगतात. दोन्ही ऐकून घ्या.

जमीन काही लगेच उठली नाही. दोन पूर आले आणि खिंडारातून मोकळे गेले, जाताना मीठ धुऊन घेऊन गेले. तिसऱ्या वर्षी लव्हाळा उगवला, मग अंबाडी, आणि सातव्या वर्षी शाळूत पुन्हा बैल दिसेनासा झाला. पण देवीपुढचा शब्द बोललेला होता. म्हसू म्हणाला, मी सोडतो. हैबती म्हणाला, देवी नाही सोडणार.

आजही पूर उतरला की पहिल्या मंगळवारी पाटलाच्या घरातला कर्ता माणूस अनवाणी खिंडारातून मळीत उतरतो, चिमूटभर माती तोंडात टाकतो. समोर परटाच्या घरातलं मोठं माणूस उभं असतं. ते विचारतं, "पाटील, चव काय?" गोडी म्हटलं तर पेरणीची पाभर जुंपायची. खारी म्हटलं तर त्या साली पेरा नाही, खिंडार हातभर आणखी रुंदवायचं. सात पिढ्या कधीच सरल्या, असं पाटलाच्या घरचे दरसाल म्हणतात. परटाच्या घरचे बोटं मोजून म्हणतात, सहाच झाल्या. आणि पाटील गोडी म्हणो की खारी, परीट मान हलवतो, खाली वाकतो आणि एक चिमूट स्वतः चाखून बघतो.