हुकूमनामा आणि अधिक श्रावण

नदीकाठच्या एका पेठेत हैबती नावाचा तांबट राहत असे. हात कसबी, पण स्वभाव फार भिडस्त. पेठेतल्या गुलाबशेटने लेकीच्या लग्नासाठी त्याच्याकडून हंडे-घंगाळी घडवून घेतली आणि चारशे रुपये थकवले. तांबे आणायला पैसा उरला नाही. हैबतीची भट्टी विझली आणि तो दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरी करू लागला.

त्याने राजाकडे दाद मागितली. नागपंचमीच्या दिवशी निकाल लागला. "गुलाबशेटने पैसे द्यावेत. तोवर त्याचे दुकान या रकमेस तारण राहील. मात्र हुकूम बारा वर्षांच्या आत चावडीवर बजावून घ्यावा. पुढे तो रद्द."

हैबतीने हुकूमनामा फडक्यात बांधून ठेवला. वसुलीला गेला की गुलाबशेट त्याला पाटावर बसवून जेवू घाली. "अरे, पैसे कुठे पळून जातात? दिवाळीला नक्की!" अशा बारा दिवाळ्या गेल्या.

मग श्रावण आला. शुद्ध षष्ठीला सकाळीच गुलाबशेटने भर पेठेत पेढे वाटले. "हैबती, काल बारा वर्षं भरली! आता तो कागद बंबात घाल. आंघोळीचं पाणी तरी तापेल."

लोक हसले. हैबती मटकन खाली बसला.

त्याची बायको सगुणा पुढे झाली. "काल नागपंचमी होती? मग माझ्या लाह्या भाजायच्या कशा राहिल्या? शेटजी, परवाच जावयाला अधिकाचे अनारसे वाढलेत ना? अहो, हा अधिक श्रावण. नागपंचमीला अजून महिना आहे!"

पेढा गुलाबशेटच्या घशात अडकला. पण क्षणात सावरून त्याने हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला. "महिना आहे ना? मग घाई कसली, हैबतीबुवा? आज आमच्याकडेच जेवा."

नाही म्हणणे हैबतीला कधी जमलेच नव्हते. तरी तो उठला.

"जेवीन, शेटजी. आधी चावडीवर जाऊन येतो."

दुपारी शिपायांनी दुकानाला सरकारी कुलूप ठोकले. दिवस मावळायच्या आत गुलाबशेट चारशे रुपये घेऊन चावडीवर धावत आला. चारच दिवसांत हैबतीची स्वतःची भट्टी पेटली आणि त्याच्या हातोड्याचा ठणठणाट साऱ्या पेठेने ऐकला.

तात्पर्य: न्याय मिळाला, तरी मुदतीच्या आत भीड सोडून तो बजावून घेणाऱ्यालाच हक्क मिळतो. गोड बोलून दिवस काढणाऱ्याला आणखी एक दिवसही देऊ नये.