कोंडाबाईचं वळण

मघाशी गाडी या वळणावर थांबली, तेव्हा तुम्ही खिडकीतून माना बाहेर काढून बघत होतात. वर पोचल्यावरही राहवलं नाही, म्हणून चालत परत आलात. स्टेशन नाही, फाटक नाही, मग गाडी थांबते कशाला? तो दगडी उंबरा दिसतोय ना, त्याच्यासाठी.

असं सांगतात, साहेबाच्या काळात वरचा धबधबा बघायला जायची टूम निघाली आणि घाटाखाली संपणारी लाइन वर न्यायचं ठरलं. आखणी गेली थेट कोंडाबाई नावाच्या धनगरणीच्या घरावरून. घर सोड म्हणाले. बाई विधवा, एकटी, पण बधेल तर शपथ. "या उंबऱ्यातून माझा धनी गेला, त्यालाबी मी जा म्हटलं न्हाई. मला जा म्हणणारं तुम्ही कोण?" शेवटी रूळ वळवावे लागले. हे वळण तिचंच. पण घर वाचलं तरी रूळ गेले ते अंगणातूनच.

अंगण आपलं म्हणजे आपलं. बाई रोज सकाळी रुळांच्या मधली जागा शेणानं सारवायची, म्हणे. पहिली गाडी बडे पाहुणे घेऊन आली, तेव्हाही ती सारवतच होती. शिट्टीवर शिट्टी झाली, तिनं मान वर केली नाही. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक लावला. साहेब लालेलाल झाला. शिपाई बाईला उचलायला धावले, तर गावच्या बाया शेणाच्या पाट्या घेऊन तिच्या शेजारी सारवायला बसल्या.

"दारात येणारा आधी हाक मारतो," कोंडाबाई म्हणाली. "रुळाला वळण दिलंत, गाडीला कुणी वळण लावलं न्हाई व्हय?"

ड्रायव्हर खाली उतरला. पायताण काढून म्हणाला, "आजे, येऊ का?"

"ये."

बाया उठल्या, गाडी गेली. परतताना तो ऐटीत ओरडला, "जातो, आजे!" बाई पुन्हा रुळांवर. "या दारात जातो म्हणायचं न्हाई. येतो म्हण." तो म्हणाला, तेव्हाच वाट मिळाली.

पुढं घर पडलं, उंबरा राहिला. अलीकडं धबधब्यावर काचेचा पूल झाला, गाड्या वाढल्या, आणि एका नव्या साहेबानं हा थांबा बंद केला. दुसऱ्या सकाळी सगळं वळण सारवलेलं, आणि गावच्या बाया त्यावर बसलेल्या! थांबा चालू झाला.

आजही वर जाणारी गाडी इथं थांबून शिट्टी देते आणि जवळ असेल तो गावकरी "ये" म्हणतो. मघाशी मीच म्हणालो. आता खुशाल निघा. फक्त "जातो" म्हणू नका, नाहीतर गाडी सुटायची नाही. आमच्याकडं शेण तयारच असतं.