नावाड्याच्या लेकीने लढवलेला खटला

नदीकाठच्या एका राज्यात एक नावाजलेली न्यायशाळा होती. कायदा शिकायला लांबलांबून मुलं-मुली तिथे येत. शाळेच्या आचार्यांना तिचा फार अभिमान होता. पाहुणे आले की ते सांगत, आमच्याकडे सरदाराचा मुलगा आणि गुराख्याचा मुलगा एकाच सतरंजीवर बसतात.

ते खरंही होतं. पण शेवटचं वर्ष लागलं की ती सतरंजी गुंडाळली जाई. त्या वर्षी प्रत्येकाने एखाद्या अनुभवी वकिलाच्या हाताखाली राहायचं, न्यायालयात काम कसं चालतं ते शिकायचं, आणि वर्षअखेरीस त्या वकिलाने शब्द टाकला की वकिलीची सनद मिळायची, असा राज्याचा नियम होता. कोणी कोणाकडे जायचं ते आचार्य ठरवत.

भिवरा ही नावाड्याची मुलगी. नावेत बसलेले लोक जमिनीवरून, बांधावरून, सासरच्या दागिन्यांवरून तावातावाने बोलत, ते ऐकत ती मोठी झाली होती. शाळेत तिच्याइतका कायदा कोणाला पाठ नव्हता. त्यामुळे आचार्यांनी तिला विश्वंभरपंतांकडे पाठवलं, तेव्हा तिला धन्य वाटलं. पंत म्हणजे राज्यातले सगळ्यांत मोठे वकील. त्यांच्याकडे त्याच दिवशी दुसराही एक विद्यार्थी आला, खजिनदाराचा मुलगा जयवंत.

पंतांनी जयवंतला बैठकीत बसवून घेतलं. भिवराला सांगितलं, उद्या घरी पूजा आहे, तेवढं अंगण सारवून घे.

पूजा झाली, पण काम संपलं नाही. पंतांच्या नातवंडांना न्हाऊ घालायचं, वाळवणं राखायची, कागदांची जड गाठोडी डोक्यावर घेऊन न्यायालयाच्या दारापर्यंत जायचं. दारात गाठोडी जयवंतच्या हातात द्यायची आणि घरी परतायचं. आत पाऊल टाकायची तिला परवानगी नव्हती. ती दारातून डोकावे. वकिलांच्या पाठी दिसत, आवाज ऐकू येत नसे.

एकदा तिने पंतांना विचारलं, मला आत कधी नेणार? पंत हसून म्हणाले, मीही असाच वर आलो, जरा धीर धर. मग ती आचार्यांकडे गेली. आचार्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की, पंतांच्या घरचा केर काढायला मिळावा म्हणून किती जण माझ्या दारात बसतात, तुला कल्पना आहे का? पुन्हा अशी तक्रार घेऊन येऊ नकोस.

भिवराला इतका राग आला की तिचे कान तापले. पण सनद पंतांच्या हातात होती. तिने राग गिळला आणि परत जाऊन वाळवणं राखत बसली.

वर्ष सरत आलं तेव्हा तिचे वडील तिला भेटायला आले. त्यांच्या पायांवर चिखल तसाच होता. त्यांनी सांगितलं की, नदीच्या घाटाचा ठेका नव्या ठेकेदाराने घेतलाय आणि त्याने वस्तीवरच्या सगळ्या नावा जप्त केल्यात. घाट माझा तर घाटावरच्या नावाही माझ्याच, असं तो म्हणतो. वस्तीने न्यायालयात दावा लावलाय, पण एकही वकील उभा राहायला तयार नाही.

भिवराला कायदा तोंडपाठ होता. ठेका घाटाचा असतो, नाव ज्याने बांधून घेतली त्याची असते. त्यात शंकेला जागाच नव्हती. ती लगेच पंतांकडे गेली.

पंत झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि झोपाळा थांबवला.

"ठेकेदार माझा अशील आहे," ते म्हणाले. "तू या प्रकरणात पडू नकोस. चार दिवस गप्प राहा, तुझी सनद मी स्वतः आणून तुझ्या हातात देतो."

"आणि नावा?"

"तुला वकील व्हायचंय की नावाडी?"

भिवराने कोपऱ्यातलं आपलं बोचकं उचललं आणि वडिलांना घेऊन निघाली. घरच्या किंवा वस्तीतल्या माणसासाठी आपलं माणूस सनदेशिवाय बोलू शकतं, एवढी सोय त्या राज्याच्या कायद्यात होती.

सुनावणीच्या दिवशी न्यायालय भरलं. एका बाजूला पंत, त्यांच्यामागे जयवंत. दुसऱ्या बाजूला भिवरा, आणि तिच्यामागे नावा बांधणारे दोन म्हातारे सुतार. कोणती नाव कोणासाठी बांधली, हे ते दोघे सांगणार होते. भिवराने कायदा असा मांडला की पंतांची मानसुद्धा एकदा खाली गेली. न्यायाधीश पुढे झुकून ऐकत होते. मग तिने सुतारांना बोलवायची परवानगी मागितली.

पंत उठले. ते एवढंच म्हणाले की, साक्षीदारांची नावं न्यायालय भरण्याआधी कारकुनाकडे द्यावी लागतात. ती दिलेली नाहीत, म्हणून साक्ष घेता येणार नाही.

न्यायाधीशांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने मान हलवली. पंतांचं म्हणणं बरोबर होतं. साक्षीशिवाय नावांची मालकी सिद्ध होईना. न्यायाधीशांनी नाइलाजाने दावा फेटाळला. मागे कुणीतरी बाई रडायला लागली. सुतार एकमेकांकडे पाहत राहिले. आपल्याला का बोलू दिलं नाही, हेच त्यांना कळलं नव्हतं.

भिवरा जागची हलली नाही. तिने एक गोष्ट बोलायची परवानगी मागितली आणि न्यायाधीशांनी ती दिली.

"महाराज, नावं आधी द्यायची, हे कुठल्याच पुस्तकात नाही," ती म्हणाली. "ते इथे उभं राहूनच कळतं. मी वर्षभर पंतांची विद्यार्थिनी होते. वर्षभर त्यांचं अंगण सारवलं. या दाराच्या आत आज मी पहिल्यांदा आले. माझ्या वस्तीच्या नावा कायद्याने गेल्या नाहीत. मला शिकवायचं ते शिकवलं नाही, म्हणून गेल्या."

न्यायाधीशांनी पंतांना विचारलं, हे खरं आहे का? पंत म्हणाले की, सगळेच विद्यार्थी अशीच सुरुवात करतात, माझ्याकडे कुणात भेदभाव नाही. मग न्यायाधीशांनी जयवंतला पुढे बोलावलं आणि विचारलं, हा नियम तुला कधी कळला?

जयवंतचा चेहरा उतरला. त्याची सनद अजून पंतांकडेच होती. त्याने एकदा पंतांकडे पाहिलं, एकदा भिवराकडे.

"पहिल्याच आठवड्यात," तो म्हणाला. "पंतांनी स्वतः सांगितलं. आणि मी अंगण कधीच सारवलं नाही."

न्यायाधीशांना राग आल्याचं त्या दिवशी लोकांनी प्रथमच पाहिलं. त्यांनी पंतांचा विद्यार्थी ठेवण्याचा हक्क तिथल्या तिथे काढून घेतला. जयवंतची सनद त्याच्या खरेपणावर न्यायालयाने स्वतः दिली. भिवराला मात्र ती देता येईना, कारण ती वर्षभरात काही शिकलीच नव्हती. दावा पुन्हा ऐकू, पण तोवर कुणाकडे तरी जाऊन नीट शिकून ये, असं त्यांनी तिला सांगितलं.

शिकणार कुणाकडे? ज्या मुलीने पंतांना भर न्यायालयात खाली मान घालायला लावली, तिला दारात उभं करायला शहरातला एकही वकील तयार नव्हता. कुणी आजारी पडलं, कुणी गावाला गेलं, कुणाकडे जागा नव्हती.

शेवटी अंबूताई आल्या. बाजारगावातल्या बायकांचे लहानसहान खटले चालवणाऱ्या या वकील, शहरात त्यांना कुणी विचारत नसे. त्यांनी भिवराला न्यायालयाच्या पायरीवर गाठलं.

"माझ्याकडे बैठक नाही, पोरी," अंबूताई म्हणाल्या. "पण मी उभी राहीन तिथे माझ्या शेजारी तू उभी राहशील. मी काय करते ते बघायचं, आणि नाही कळलं तर तिथल्या तिथे विचारायचं."

एवढंच त्यांनी केलं. भिवरा रोज त्यांच्या शेजारी उभी राहिली. नावं कधी द्यायची, कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, कारकुनाशी कसं बोलायचं, समोरचा भडकवतो तेव्हा काय करायचं, सगळं ती बघून शिकली. घाबरलेल्या माणसाला साक्षीला उभं कसं करायचं, तेही अंबूताईंनी तिला दाखवलं.

दावा पुन्हा उभा राहिला तेव्हा सुतारांची नावं कारकुनाकडे वेळेत गेली होती. ते बोलले आणि भिवराने खटला जिंकला. वस्तीला नावा परत मिळाल्या. भिवराच्या वडिलांची मिळाली नाही. ठेकेदाराने मधल्या काळात ती फोडून तिच्या फळ्या जाळल्या होत्या. भिवरा घाटावर गेली आणि काळ्या पडलेल्या वाळूकडे बघत बराच वेळ उभी राहिली. वडील म्हणाले, जाऊ दे, दुसरी बांधू. तिला जाऊ देता आलं नाही.

अंबूताईंच्या शब्दावर सनद मिळाली, तेव्हा आचार्यांनी तिचा सत्कार ठेवला. मंडप घातला, हार आणला. आमच्या शाळेची विद्यार्थिनी, असं ते पुन्हा पुन्हा म्हणाले. मग बोलायला भिवरा उठली. तिने हार गळ्यात घेतला नाही.

"आचार्य, माझ्या वर्गात एक कुंभाराची मुलगी होती," ती म्हणाली. "ती माझ्यापेक्षा हुशार होती. तुम्ही तिला ज्यांच्याकडे पाठवलंत, त्यांनी तिला वर्षभर स्वयंपाक करायला लावला आणि शेवटी सनदेसाठी शब्दही टाकला नाही. ती घरी गेली. तिचं नाव सांगा."

आचार्य ओठ हलवत राहिले. त्यांना नाव आठवेना.

"मला आठवतं," भिवरा म्हणाली आणि मंडपातून बाहेर पडली.

ती सरळ कुंभारांच्या गावाची वाट चालू लागली. दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं तेव्हा अंबूताईंच्या एका बाजूला भिवरा उभी होती आणि दुसऱ्या बाजूला मातीने भरलेल्या नखांची एक मुलगी उभी होती, सगळं टक लावून बघत.

ही गोष्ट सांगून लक्षात ठेवायचं ते एवढंच: पुस्तकातलं ज्ञान देऊन पुढची वाट अडवणारा गुरू काहीच न शिकवणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो, आणि ज्याला ती वाट सापडली, त्याने मागे राहिलेल्याला आणायला परत जावं.