जुन्या लुगड्याचं फडकं

एकदा एका गावात नारू फार माजला. दोऱ्यासारखा लांब जंत पायातून बाहेर पडायचा आणि माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचा. तिथल्या वृद्ध वैद्यांनी शिष्याला बायका पाणी भरत त्या पायऱ्यांच्या विहिरीवर, बारवेवर धाडलं. नारू पाण्यातून येतो, ते फडक्यातून गाळून प्या, एवढंच सांगायचं होतं.

शिष्य विद्वान, पण जिभेला धार. नवं फडकं पुढे करत तो चारचौघींत एका म्हातारीला म्हणाला, "आजी, तुमच्याच हातच्या पाण्यानं नातवाचा पाय गेला. आता नातीला तरी गाळून पाजा!"

म्हातारीनं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "चल, हो बाजूला! माझ्या सासूनं हेच पाजलं, मी हेच पाजलं. अजून मिसरूड फुटलं नाही, अन् आला मोठा शिकवायला!"

बाकीच्या बायकाही हंडे उचलून चालत्या झाल्या. नात तेच पाणी पीत राहिली.

"अडाणी बाई आहे," शिष्यानं येऊन सांगितलं. वैद्य उठले. त्याला घेऊन तिच्या ओसरीवर जाऊन बसले, धोतर वर सारलं आणि घोट्याजवळचा जुना व्रण तिला दाखवला.

"बाई, हा नारूच. मी वैद्याचा मुलगा, पण न गाळताच प्यायलो. धाकट्या भावालाही पाजलं. तो जन्मभर लंगडला. तेव्हा ठाऊकच नव्हतं हो." मग त्यांनी हात पुढे केला. "एखादं जुनं लुगडं असेल, तर तुकडा द्या. माझ्या माठाला हवाय."

म्हातारीनं वाकून तो व्रण पाहिला. डोळ्यांना पदर लावून आत गेली. लुगडं टर्रकन फाडल्याचा आवाज आला. एक तुकडा तिनं वैद्यांना दिला, दुसरा आपल्या माठावर बांधला.

वाटेत शिष्यानं विचारलं, "गुरुजी, आपण कमीपणा का घेतलात?"

"अरे, फडकं बांधायला तिला काय कष्ट होते? पण ते बांधणं म्हणजे नातवाचा पाय आपल्या हातून गेला, हे कबूल करणं. आणि तू ते चारचौघींत वदवून घेत होतास! नवं घेताना जुनी चूक पदरात घ्यावी लागते, तिथं माणूस अडतो. त्या ओझ्याला आपण आधी हात लावावा."

 दुसऱ्या दिवशी बारवेवर त्याच बायकांसमोर शिष्य म्हातारीच्या पाया पडला. "आजी, चुकलो."

"ऊठ रे! पाया पडून हंडा घरी जातो का? हात लाव."

त्यानं हात लावला. हंड्याच्या तोंडावर फडकं होतं.

शेजारच्या सुनेला शहाणपण शिकवून झाल्यावरच मला ही गोष्ट आठवते, आणि मग तिच्या दारावरून जाताना पाय जड होतात.